फ्रेममध्ये एकच पोरगी

'वाघीण' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पूर्वी फिरत नव्हतं. कॉलेजात असताना मोर्च्यात मीही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात, आणि त्यात वाघीण, दुर्गा, रणरागिणी सगळ्या असायच्या. आता कुणी एखाद्या पोरीला वाघीण म्हणालं की मला आधी शंका येते, हिचं काय काढून घ्यायचंय यांना? वाघिणीला काही द्यावं लागत नाही. ती आपलं आपण बघते. तिला ना रस्ता लागतो, ना दिवा, ना गाडी.

गाडीवरूनच हे सगळं झालं, म्हणून गाडीपासून सांगते. मी हिंगोलीत एका शाळेत शिकवते. माझं माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागतं. तिथं माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची लेक राहते. ही माझी भाची तेव्हा नववीत होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर आठ किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जावं लागतं. त्यासाठी एसटीची, खास पोरींची निळी गाडी होती. सकाळी साडेनऊला पाराजवळून न्यायची, संध्याकाळी पाचला आणून सोडायची. पोरी पास दाखवायच्या आणि खिडकीसाठी भांडायच्या. त्या जूनमध्ये शाळा उघडली आणि गाडी आलीच नाही. विचारलं तर कधी रस्ता खराब, कधी ड्रायव्हर कमी, कधी नुसतंच 'वरून बंद'. हे वर म्हणजे नेमकं कुठं, ते अजून मला कुणी दाखवलेलं नाही.

गावातल्या सात पोरी मोठ्या शाळेत होत्या. गाडी गेली तेव्हा त्यांनी सायकली गोळा केल्या. चार मिळाल्या. चौघी चालवायच्या, तिघी मागं डबलसीट. भाचीकडं तिच्या बापाची दांडीची जुनी सायकल होती आणि तिच्या मागं बसायची सगळ्यांत लहान, आठवीतली एक पोरगी, भाचीपेक्षा वीतभर बुटकी आणि तिच्या दुप्पट बोलणारी. वाटेत ओढा लागतो. तिथं वळण आहे, दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, आणि रिकामटेकडे लोक पत्ते कुटत बसलेले असतात. पोरींनी आपसांत ठरवलं होतं की ओढा कुणीही एकटीनं ओलांडायचा नाही. जी आधी पोचेल तिनं अलीकडं थांबायचं, सातीजणी जमल्या की मग पुढं. सातही बापांनी एवढ्याच बोलीवर पोरी धाडल्या होत्या. माझा भाऊ माझ्याशी बोलताना हेच म्हणाला होता, संगं असल्या तर काही भेव नाही.

मी स्त्रीवादाची पुस्तकं वाचलीत, दोनचार भाषणंही ठोकलीत. पण त्या ओढ्याच्या अलीकडं उन्हात एकमेकींची वाट बघत थांबणाऱ्या पोरींएवढा पक्का स्त्रीवाद मी कुठल्या व्यासपीठावर पाहिला नाही. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. बरंच होतं म्हणायचं.

पण आठ किलोमीटर जाणं आणि आठ किलोमीटर येणं, तेही पावसाळ्यात. गाडी हवीच होती. मी अर्ज लिहिला, खाली सातही पोरींची नावं आणि वर्ग लिहून डेपोत नेऊन दिला. पोच घेतली. महिन्यानं दुसरा दिला, त्याची पोच घेतली. पोचा साठत गेल्या.

मग मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सप्टेंबरात शहरात बायकांचा एक कार्यक्रम होता. साड्यांचे स्टॉल, मिक्सरची सोडत, मधल्या वेळेत सक्षमीकरणावर तासभर बोलणं. तिथं एक बाई पुण्याहून आलेली, बायकांसाठी व्हिडिओ करणाऱ्या एका चॅनेलची. तिशीची, चुणचुणीत, मनापासून ऐकणारी. मी तिला सात पोरी आणि गाडीचं सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, ताई, हे जगाला कळलंच पाहिजे. मला वाटलं, चला, जगाला कळलं म्हणजे डेपोलाही कळेल. माझ्या तीन अर्जांनी जे झालं नाही ते एका व्हिडिओनं होईल. शिकल्यासवरलेल्या बाईची अक्कल ती एवढीच.

ते तिघं आले, ती बाई, एक कॅमेरावाला आणि एक गाडीवाला. मी शाळेत रजा टाकून त्यांच्यासोबत गावी गेले. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. पोरींनी गणवेश धुऊन, वेण्यांना नव्या रिबिनी लावून तयारी केली होती. सातीजणी चार सायकली घेऊन ओढ्यावर हजर. बाईनं सगळ्यांकडं बघितलं, मग भाचीकडं बघितलं, तिच्या बापाच्या सायकलीकडं बघितलं. दांडीच्या सायकलीवर पोरगी, हे तिला फार आवडलं. बाकीच्या सहाजणींना तिनं गोड बोलून बाजूला बाभळीखाली उभं केलं. लहानी पोरगी भाचीच्या मागं चढून बसली होती, कारण ती रोजच बसायची. तिनं विचारलं, मी मागं बसू का? बाई हसून म्हणाली, "नको बाळा, फ्रेममध्ये एकच पोरगी पाहिजे."

मी तिथंच उभी होते. मी हे वाक्य ऐकलं आणि गप्प राहिले. कॅमेऱ्याचं काहीतरी असेल, मला काय कळतं, असं म्हणून गप्प राहिले. आयुष्यात मी जितक्या वेळा नको तिथं बोलले, त्या सगळ्याची भरपाई त्या दिवशी गप्प राहून केली.

चार वेळा भाचीला एकटीला ओढ्यातून सायकल घालायला लावली. सहाजणी बाभळीखाली तिचं दप्तर, डबा आणि चपला सांभाळत बसल्या. मग प्रश्नोत्तरं झाली. बाईनं विचारलं, एवढ्या लांब जायचं, असा रस्ता, भीती वाटत असेल ना? भाची म्हणाली, "न्हाई तं काय. लई भेव वाटते. म्हणून तं आमी सातीजणी संगंच जातो. गाडी व्हती तवा न्हाई वाटायचं." पुढं तिनं गाडीचं सगळं सांगितलं, किती वाजता यायची, कुठं थांबायची, कधी बंद झाली. मी तिची तयारी करून घेतली नव्हती. एवढं सरळ आणि मुद्द्याचं मला अर्जात लिहिता आलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. ती माणसं कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर जेवून वाशीमकडं गेली आणि मी पोरींना भेळ खाऊ घालून हिंगोलीला परतले.

नवरात्रात व्हिडिओ आला. नऊ दिवस नऊ वाघिणी अशी काहीतरी मालिका होती, आमची भाची पाचव्या दिवशी. मिनिटभराचा. ढोल वाजतोय, पोरगी ओढ्यातून सायकल काढतेय, पाणी उडतंय, वर अक्षरं येतात, 'एकटी निघाली वाघीण'. बाईचा आवाज विचारतो, भीती नाही वाटत? आणि भाची म्हणते, "न्हाई." एवढंच. मागचं 'तं काय' कापलेलं. प्रश्नही नंतर बदलून घातलेला. गाडीचा शब्द नाही, बाकीच्या सहाजणी नाहीत. शेवटी एका दुचाकीच्या शोरूमची जाहिरात आणि बाईचं वाक्य, जिद्द असली की रस्ता सापडतो.

'नाही तर काय' म्हणजे 'हो, अगदी हो' हे मराठी घरात जन्मलेल्या पोराला दुसऱ्या वर्षी कळतं. ती बाई काही परदेशातून आली नव्हती. म्हणजे समजण्यात घोळ झालेला नाही. पोरीनं भीती वाटते असं सांगितलं आणि त्यांनी कात्रीनं तिच्याच तोंडून वाटत नाही असं म्हणवून घेतलं. मी त्या बाईला फोन केला. ती अजिबात चिडली नाही, तेच जास्त लागलं. समजावणीच्या सुरात म्हणाली, "ताई, गाडी-बिडी टाकली की व्हिडिओ तक्रारीचा होतो. तक्रार कुणी शेअर करत नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते खरं आहे. आम्ही कॉलेजात असताना पोरींच्या हॉस्टेलच्या वाटेवर दिवा नव्हता. आम्ही पंचवीसजणी प्राचार्यांच्या दारात दोन दिवस बसलो. आमच्या घरी पत्रं गेली, गावभर शिव्या खाल्ल्या, पण दिवा लागला. आज त्याच अंधारातून एखादी पोरगी मोबाइलच्या उजेडात चालत गेली असती तर तिच्यावर व्हिडिओ झाला असता, तिचा सत्कार झाला असता, आणि दिवा लागला नसता. आम्हाला दिवा आणि शिव्या मिळाल्या, यांना टाळ्या मिळतात. बरं, जिद्द असली की सगळं होतं हे एकदा ठरलं, की जिचं होत नाही तिच्यात जिद्दच नव्हती हे आपोआप ठरतं. मग डेपो सुटला, सरकार सुटलं, बाप सुटला. अडकली ती पोरगी.

व्हिडिओ जोरात चालला. शाळेत सत्कार झाला. त्या शोरूमवाल्यानं भाचीला गुलाबी हेल्मेट दिलं, त्यावर वाघिणीचं तोंड. सायकल चालवणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीला हेल्मेट. भाचीनं माझ्या कानात विचारलं, आत्या, ह्याच्या खालची गाडी कधी देणार आहेत? मला हसू आवरेना. त्यानंतर त्या प्रकरणात मी हसल्याचं मला आठवत नाही.

चौथा अर्ज घेऊन डेपोत गेले तेव्हा साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. पहिल्यांदाच. मग खिशातून मोबाइल काढून मलाच माझ्या भाचीचा व्हिडिओ दाखवला. त्यांच्या मिसेसनं स्टेटसला ठेवला होता म्हणे. कौतुकानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरी तर वाघिणी आहेत. त्यांना गाडीच्या कुबड्या कशाला?" मी सांगत राहिले की ती एकटी जात नाही, सातजणी जातात, भितात म्हणून एकत्र जातात. त्यांनी पुन्हा व्हिडिओ लावला. डोळ्यांनी दिसत होतं ना, पोरगी एकटी होती, हसत होती. पुरावा त्यांच्या बाजूनं होता आणि तो मीच तयार करून दिला होता. चहा तसाच ठेवून मी उठले.

खरा घाव गावात बसला, आणि तो असा बसेल हे त्या पुण्याच्या बाईला सोडा, मलाही सुचलं नसतं. लहान्या पोरीच्या बापानं व्हिडिओ पाहिला. एकदा, दोनदा पाहिला. मग लेकीला समोर बसवलं. मला हे भावजयीनं सांगितलं. तो म्हणाला, तू तर रोज हिच्या मागं बसून जाते म्हणत होतीस. सायकलीवर ही एकटीच दिसते. मग तू शाळेच्या नावानं कुठं जातेस?

पोरीनं शपथा घेतल्या. ते शूटिंग होतं, मला उतरवलं होतं, मी बाभळीखाली चपला धरून बसले होते. बापाचं एकच, इतक्या लोकांनी पाहिलं ते खोटं आणि तू खरी? त्या दिवसापासून तिची शाळा बंद. आठवडाभरात बाकीच्या घरांतही तोच प्रश्न निघाला, तुम्ही कुठं होतात? एका बापानं टोमणा मारला की मास्तरीणबाईची भाची वाघीण आहे, तिला सोबत कशाला लागते, आमच्या शेळ्यामेंढ्या घरी बऱ्या. सोयाबीनची काढणी सुरू होतीच, घरात हात हवे होते, कारण आयतं मिळालं. पोरींच्या मनातही तेढ आली. चपला सांभाळणारीला चपलांचा राग येणारच. दिवाळीपर्यंत सहाजणी घरी बसल्या.

आणि मग भाची खरोखरच एकटी झाली. व्हिडिओनं जे खोटं दाखवलं होतं ते महिन्याभरात खरं करून दिलं. शहरात 'एकटी' हा कौतुकाचा शब्द असेल. आमच्याकडं पोरगी 'एकटी फिरते' म्हटलं की त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दिवाळीनंतर दोनच आठवडे ती शाळेत गेली. ओढ्याच्या वळणावर मोटारसायकलवरचे दोन टोणगे आडवे झाले आणि मोबाइल धरून म्हणाले, वाघीण, गुरकावून दाखव. तिनं घरी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, त्यांनी तो व्हिडिओही सोडला. त्यात माझी भाची सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून, जाऊ द्या, जाऊ द्या म्हणतेय. मी तो एकदाच पाहिला. मला वाटलं कुणाचा तरी गळा धरावा, पण हाताशी फक्त मोबाइल होता. पोलिसांकडं मी गेले, त्या दोघांना बोलावून दम दिला गेला, व्हिडिओ काढून टाकायला लावला. पण भावानं सायकल गोठ्यात टांगली.

मी तावातावानं गावी गेले. त्याला बोलायचं ते सगळं बोलले, पोरीचं काय चुकलं, शिक्षा तिलाच का, तू शिकला नाहीस म्हणून तिनंही नाही शिकायचं का. तो वैरण टाकत ऐकत राहिला. शेवटी हात झटकून म्हणाला, "अक्का, ती बाई तूच आणली व्हती."

मग मी सोपा मार्ग काढला. भाचीला म्हटलं, चल माझ्यासोबत हिंगोलीला, माझ्या घरी राहा, माझ्या शाळेत नाव घालते. भावजय लगेच कपडे भरायला उठली. भाची चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "आत्या, तू बी मला एकटीलाच नेऊन राहिली का?"

मी म्हणाले, अगं, निदान तुझं तरी होऊ दे. म्हणाले आणि माझ्याच कानांना ते ऐकू आलं. ढोल तेवढा वाजायचा राहिला होता. ती आली नाही. मी तिच्यावर चिडले, हट्टी म्हणाले, आणि परत येताना रस्ताभर स्वतःला शिव्या देत राहिले.

जूनमध्ये डेपोचं पत्र आलं. चार अर्जांना मिळून एक उत्तर. सदर मार्गावर विद्यार्थिनी प्रवास करत नसल्यामुळे फेरी सुरू करता येत नाही. खाली सही, शिक्का, सगळं नियमात. मी पत्र घेऊन साहेबांकडं गेले आणि विचारलं, गाडी नाही म्हणून पोरी घरी आहेत, हे तुम्हाला कळत नाही का? साहेब बदललेले होते. नवे साहेब सभ्यपणे म्हणाले, मॅडम, पोरी आणा, मी गाडी देतो. लेखी यादी आणा.

रविवारी मी गावी जाऊन घरोघर हिंडले. भाऊ म्हणाला, आधी गाडी येऊ दे. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पोरीची आई म्हणाली, गाडी पाराशी उभी दिसली की त्याच दिवशी धाडते बघा. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी तेच. साहेब म्हणतो पोरी आणा, बाप म्हणतात गाडी आणा, आणि प्रत्येकाचं बोलणं आपापल्या जागी इतकं बरोबर की भांडावं तरी कुणाशी. उन्हानं आणि रागानं माझं डोकं ठणकत होतं.

सातवं घर त्या लहान्या पोरीचं. अंगणात दोन मोटारसायकली लावलेल्या. आतून पोह्यांचा वास. मी दिसताच तिचा बाप लगबगीनं पुढं आला, दारातच हात आडवा धरून हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, पाव्हणे आलेत पोरीला बघायला. आता गाडीचं राहू द्या."

त्याच्या हाताखालून मला आतलं दिसत होतं. सतरंजीवर चार पुरुष बसले होते आणि आईची साडी नेसवलेली ती पोरगी ट्रे घेऊन उभी होती. एरवी मिनिटभर गप्प न बसणारी पोर, तोंड मिटून.

मी चपला काढल्या. त्याचा हात बाजूला केला आणि आत जाऊन सतरंजीवर पाहुण्यांच्या बरोबर समोर मांडी घालून बसले. त्यांना वाटलं घरातलीच कुणी मोठी बाई आली असावी, त्यांनी रामराम घातला. मी विचारलं, पोरीचं वय किती सांगितलंय तुम्हाला? पाहुण्यांनी दाराकडं, बापाकडं बघितलं. बाप दारात तसाच उभा. मग मीच सांगितलं की पोरीला अजून पंधरावं लागलेलं नाही, आठवीतून काढून घरी बसवलीय, ती माझ्यामुळं बसलीय, आणि तुम्ही उठल्याशिवाय मी इथून उठणार नाही.